साहेबाची शेपटी, चाळीस अंश

५ जानेवारी
अखेर! कुक्कुट मंडळाच्या अध्यक्षांचा फोन. नेहमीचे परीक्षक जिन्यावरून पडले, पाय प्लास्टरमध्ये. यंदाच्या शोला लेगहॉर्न जातीच्या पांढऱ्या कोंबड्यांच्या विभागाचं परीक्षण मी करावं, अशी विनंती. ऐकून वाईट वाटलं, असं म्हणालो. वाटलं नव्हतं. नऊ वर्षं या माणसाने पहिला नंबर आमच्या शेजारच्या पोस्टमनला दिला. पोस्टमन रिटायर्ड. जातीच्या स्टँडर्डचं पुस्तक जन्मात उघडलेलं नाही, कोंबड्यांशी गप्पा मारत बसतो. मला नऊ वर्षांत एकदा 'उत्तेजनार्थ', तेही सर्टिफिकेटवर नाव चुकवून.
यंदा पोस्टमनला पाणी पाजणार.

६ जानेवारी
अडचण. परीक्षकाला स्वतःचा पक्षी उतरवता येत नाही. नियम करणाऱ्यांच्या अकलेचं दिवाळं! माझा कोंबडा साहेब यंदा ऐन भरात. त्याने घरी बसायचं?
तोडगा: साहेब मेहुण्याच्या नावाने उतरेल. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ, चपलांचं दुकान आहे. म्हणाला, दाजी, हे काही बरं दिसत नाही. म्हटलं, तू चपला विक, बरं-वाईट मी बघतो. तासाभराने हो म्हणाला.
ही लबाडी नव्हे. सर्वोत्तम पक्षी लोकांपासून लपवणं, ही लबाडी.

९ जानेवारी
संकल्प. रोज पहाटे पाचला उठून साहेबाजवळ एक तास. हाताळणं, उभं राहायला शिकवणं, दाणे स्वतः घालणं. आजवर ते सगळं हीच बघते. मी वरची देखरेख करतो.

१० जानेवारी
थंडी. उद्यापासून.

१७ जानेवारी
पहाटे उठणं शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, पक्ष्याची झोपमोड होते. त्याऐवजी साहेबासाठी खास पिंजरा करून घेतला, डिझाइन माझं. शोपर्यंत त्यातच राहील, म्हणजे पिंजऱ्याची सवय होईल. ही म्हणाली, छत ठेंगणं झालंय, शेपटी जाळीला लागून वर दुमडते. म्हटलं, पुस्तकात लेगहॉर्नच्या नराची शेपटी चाळीस अंश दिली आहे, जाळी त्यात काय करणार? आत गेली. ही गप्प बसते तेव्हा घरातली भांडी बोलतात.

२३ जानेवारी
कुंपणाशी ही आणि पोस्टमन हसत होते. मी जाताच दोघे हवेबद्दल बोलू लागले. त्याच्या खुराड्यावर गोणपाट टाकलेलं. काहीतरी दडवतोय. दडव! झाकली मूठ मंडपात उघडेलच.
पक्षी निवडायला काळीज घट्ट लागतं, ते या दोघांकडे नाही. गेल्या वर्षी साहेबाचा भाऊ सहा आठवड्यांचा असताना मी कोनमापकाने शेपटी मोजली, तर बावन्न अंश! तिथल्या तिथे बाद. हिने पाय धरायचे बाकी ठेवले होते, अहो, थोडं थांबा, लहान आहे. म्हटलं, नजरेसमोर नको. कापडी पिशवीत घालून कुठेतरी नेऊन टाकला तिने. विषय संपला.

१४ फेब्रुवारी
साहेबाची अंघोळ. पांढरा पक्षी शुभ्र दिसावा म्हणून पाण्यात नीळ घालतात. हिने दोन थेंब घातले. कंजूषपणा! ती टॉवेल आणायला गेली तेव्हा मी अर्धी बाटली ओतली आणि शेरे लिहिण्याचा सराव करायला आत आलो. मागून तिचा आरडाओरडा ऐकू आला. बायकांना पांढऱ्याचं काय कळतं?

१५ फेब्रुवारी
मेहुणा झाकलेल्या टोपलीतून साहेबाला घेऊन गेला. टोपली उघडू का, म्हणाला. नको म्हटलं. उद्या पिंजऱ्यांवर फक्त नंबर असतील, मालकांची नावं सेक्रेटरीच्या बंद पाकिटात. मेहुणा नंबर कळवायला तयार होता. ठणकावून सांगितलं, स्वतःचा कोंबडा मी हजारांत ओळखतो.

१६ फेब्रुवारी, दुपारी १
जेवणाची सुट्टी. बावीस पक्षी तपासले. बहुतेक केराच्या टोपलीच्या लायकीचे. मालकांची तर बातच सोडा.
नंबर चौदा पाहताच ओळखला. साहेब! शेपटी नेमकी चाळीस अंश, तुऱ्याला सरळ पाच दाते, कानाच्या पाळ्या खडूसारख्या पांढऱ्या. पहिला नंबर. शेरा लिहिला: "हा पक्षी पुस्तक वाचणाऱ्याच्या घरचा आहे, कोंबड्यांशी गप्पा मारणाऱ्याच्या नव्हे."
नंबर नऊ, बहुधा पोस्टमनचं गुपित. शेपटी खारीसारखी पाठीवर उलटलेली, पिसं निळसर, वर मला पाहून पिंजऱ्यात थैमान. शेरा: "बाद. मालकाने कोंबडा धुतला की शाळेचा गणवेश? या माणसाच्या हातात अंडंसुद्धा देऊ नये." असा आनंद लग्नातही झाला नव्हता.

संध्याकाळी ७
लिहावंसं वाटत नाही. पण डायरीचा संकल्प म्हणजे संकल्प.
अध्यक्ष माइकवरून आधी शेरा वाचतात, मग पाकीट फोडतात. नंबर नऊचा शेरा वाचला. मंडप खदखदला, मीही. पाकीट फोडलं. मेहुण्याचं नाव. तो मधल्या रांगेतून उठला आणि दुकानात ओरडतो त्याच आवाजात म्हणाला, दाजी, अहो हा तुमचाच की!
मग नंबर चौदा. पोस्टमन.
त्याने माइक घेतला. म्हणाला, श्रेय शेजारच्या वहिनींचं. पिल्लाची शेपटी उभी होती म्हणून घरातून काढलं होतं, ते त्या पिशवीतून घेऊन आल्या, एवढं जगवा म्हणाल्या. त्या वयात सगळ्याच पिल्लांच्या शेपट्या उभ्या असतात, पुढे आपोआप उतरतात, हे लहान मुलालाही कळतं.
टाळ्या. सगळ्यात मोठ्याने कोण वाजवत होतं, ते लिहीत नाही. घरी एकत्रच आलो, साहेबाची टोपली तिच्या मांडीवर.

१७ फेब्रुवारी
मंडळाचं पत्र. परीक्षण आणि प्रदर्शन, दोन्हींना कायमची बंदी. मी मनातल्या मनात कालच राजीनामा दिला होता. शिवाय मंडपातले दिवे पिवळे होते. कोनमापक शाळकरी मुलांचा.
ही चार दिवसांसाठी मेहुण्याकडे गेली. भरमंडपात त्याची मान खाली गेली, त्याची समजूत काढायला. माझी कोण काढणार, ते विचारलं नाही. जाताना म्हणाली, दाणे डब्यात आहेत. आणि वर्षभरात साहेब काय खातो, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

१८ फेब्रुवारी
दाणे घालायला गेलो. साहेब किंचाळत कोपऱ्यात गेला. हात आत घातला तर अंगठा फोडला. नालायक. ज्याचं खावं त्यालाच चोच!
दिवसभर काही खाल्लं नाही. त्याने.
संध्याकाळी ठेंगण्या पिंजऱ्यातून काढून अंगणात सोडला. का, ते माहीत नाही.

१९ फेब्रुवारी, सकाळी ६
उठलो. पाचला नाही, पण उठलो. साहेब भिंतीकडे तोंड करून. दाराच्या खिळ्याला हिचा दाणे घालतानाचा जुना फुलाफुलांचा गाऊन लटकत होता. शर्टावरूनच चढवला, काखेत उसवला. ओट्यावर बसून दाणे तळहातावर धरले.
साहेब आला. एक डोळा गाऊनवर, एक माझ्यावर. शेपटी बरीच खाली उतरलेली. खिशातला कोनमापक काढणार होतो, नाही काढला.
खोकला ऐकू आला. कुंपणापलीकडे पोस्टमन. कधीपासून उभा होता, कोण जाणे. हसला असता तर चार शब्द सुनावले असते. तयारही होते.
म्हणाला, हात जरा खाली घ्या.
घेतला.