डाव्या हाताची नाडी

दुल्हेभाई, सलाम.

शाईस्ताआपा कामचोर हाय म्हणून तुमी तिला गेवराईला माहेरी आणून सोडलं. मलाबी तसंच वाटलतं. पण धुणं पिळताना तिचा डावा हात गळतो, चक्कर येते. सहा महिने तिला गाडीवर घेऊन दवाखाने फिरलो. सगळे उजव्या हाताचं बीपी बघून म्हणायचे, "नॉर्मल हाय." एका सिस्टरनं डाव्याला लावलं तर आकडाच येईना. "मशीनचे सेल गेले वाटतं," म्हणली, आन् परत उजव्यालाच लावलं!

गेल्या महिन्यात आपाला घेऊन जाताना लिंबागणेशला मी भज्यासाठी थांबलो. भजी लई भारी होती, ते असो. शेजारी एक म्हातारे वैद्य बसले होते. बाईची नाडी डाव्या हाताची बघायची, ही त्यांची जुनी रीत. ते आपाचं मनगट चाचपतच राहिले. "पोरा, हिची नाडीच लागंना!"

"मग मी मेले का?" आपा हसली.

संभाजीनगरचे डॉक्टर म्हणाले, मोठी नस सुजून आवळलीय, लाखात एखादीला होतं. उशीर कावून केला म्हणून मलाच झापलं. गोळ्या चालू हायेत, नाडी अजून न्हाई.

आपा म्हणते, पत्र पाठवू नको. बरं, खिशातच ठेवतो. पण दुल्हेभाई, निकाहाला चार वर्षं झाली. एकदा तरी तिचा डावा हात धरला असता.

तुमचा मेहुणा,
तन्वीर