नोंद ११२ : गायिका अज्ञात

५ डिसेंबर

साहेब म्हणाले, "एकतीसला यादी माझ्या टेबलावर. सही तुझी."

माझी! पंच्याहत्तर वर्षं झालेले मूकपट आणि ग्रामोफोनच्या तबकड्या एक जानेवारीला हक्क संपून सगळ्यांच्या होणार. कुणीही पाहा, ऐका, उतरवून घ्या, कुणाला विचारायला नको. म्हणजे यादीत मी एक चूक केली की तीसुद्धा सगळे उतरवून घेणार. कायमची.

जेवणाचा डबा तसाच परत आणला.

९ डिसेंबर

संग्रहालयात एक म्हातारे आले होते. ऐंशी वर्षांचे, जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. बोलताना भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते — ते चार मिनिटं मागे आहे, मला माहीत आहे, मी दोनदा अर्ज दिलाय.

तबकडी क्रमांक ११२ बद्दल आले होते. वर लिहिलंय फक्त 'स्त्री-आवाज आणि पियानो'.

"ती माझी आई. नाव घाला."

पुरावा काय, विचारलं. "मी दोन वर्षांचा असताना आई वारली. ताईनं मला हेच गाणं म्हणत झोपवलं. आईनंच शिकवलं होतं तिला. अजून काय हवं?"

अजून बरंच हवं. पण म्हटलं, तुमच्या ताईंशी बोलते.

१० डिसेंबर

ताईंना फोन. वय सत्त्याऐंशी, आवाज खणखणीत. फोनवरच तबकडी ऐकवली. अर्धीही झाली नसेल.

"ही आमची आई नव्हे. आईचा आवाज कसा भरदार! ही कोणी पोर आहे."

"पण गाणं तेच—"

"तेव्हा सगळेच म्हणायचे ते. ठेवू का?"

आणि ठेवला.

१५ डिसेंबर

ध्वनिमुद्रणाच्या जुन्या वहीची प्रत आली. ११२ ची तारीख मिळाली. नाव नाही. घड्याळजींच्या वयाशी ताडून पाहिलं, तीनदा. तबकडी निघाली तेव्हा ते चार वर्षांचे. आई वारली तेव्हा दोन.

म्हणजे ताई बरोबर. मेलेली बाई गाऊ शकत नाही. 'अज्ञात' लिहिलं.

हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याची लाज वाटली.

१६ डिसेंबर

घड्याळजींना फोनवर सांगितलं, ताई नाही म्हणतात. तारखेचं काही बोलले नाही. (का? त्यांनी विचारलं नाही म्हणून. लहानपणी मला शिकवणारी आत्या म्हणाली असती, हीसुद्धा लबाडीच.) ते म्हणाले, "ताईचं काही ऐकू नका. लहानपणी माझे दुखणारे दात सोडून चांगले उपटायला निघाली होती."

१९ डिसेंबर

यंत्रवाले काका एक मूकपट तपासत होते. लग्नाची वरात. सगळे पाठीमागे कुत्रं लागल्यासारखे पळताहेत, भटजीसुद्धा. मला हसू आलं.

काका म्हणाले, "हसतेस काय? त्यांना घाई नाहीये, आपल्याला आहे. तेव्हा कॅमेऱ्याची मूठ हातानं फिरवून काढायचे, सावकाश." त्यांनी वेग कमी केला. माणसं माणसांसारखी चालायला लागली. नवरीच्या डोळ्यांत पाणी होतं. पळताना दिसलंच नव्हतं.

मी विचारलं, "काका, तबकड्यांचंही असंच असतं?"

"असतं की. तेव्हा सगळ्यांचा वेग कुठे सारखा होता! पण तुझंच पत्रक आहे, सर्व तबकड्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवरच उतरवाव्यात. खाली दोन रेघा मारल्यास. मी म्हटलं, शिकलेली पोरगी आहे."

२० डिसेंबर

बाराव्या वर्षापर्यंत मी शाळा पाहिली नाही. घरी आत्या शिकवायची. एक चूक सापडली की सगळं पान पुन्हा. मला वाटायचं, त्यानं माणूस चुकायचा थांबतो. नाही. माणूस नेटकेपणानं चुकायला लागतो.

साहेबांना कबूल केलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "मग पुन्हा कर." बस, एवढंच! मी राजीनामा लिहून नेला होता. तो पर्समध्येच आहे.

२६ डिसेंबर

सगळ्या पुन्हा तपासल्या. अकरा चुकीच्या वेगानं उतरवलेल्या. त्यांत ११२.

काका बहात्तर फेऱ्यांवर आले आणि पियानोचे सूर जागेवर बसले. आवाज खाली उतरला. पोर गेली. भरदार आवाजाची बाई गायला लागली, ओळीओळीला श्वास घेत. काकांनी पेटवायला घेतलेली विडी तशीच ठेवली. (इथे विडी ओढायची नसतेच.)

२७ डिसेंबर

ताईंना पुन्हा फोन. "चूक माझी होती. आता ऐका."

या वेळी पूर्ण ऐकलं.

"तारीख आहे का त्याच्यावर?"

सांगितली.

"मी नऊ वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "आई बॅग भरून निघाली. गाण्यासाठीच. बाबा म्हणाले, छोट्याला सांग वारली. सांगितलं. पहिल्या दिवशीच ओळखला हो आवाज, तू कसाही वाजव. नाव घालू नकोस. आई सोडून गेली, हे ऐंशीव्या वर्षी कळायला हवंय का त्याला?"

"मला खोटं लिहिता येत नाही, ताई."

"'अज्ञात' खोटं कसं? तू ओळखत होतीस तिला?"

३१ डिसेंबर

सही केली. ११२ : अज्ञात. खोटं लिहायला काहीच वेळ लागत नाही. खरं शोधायला अठरा दिवस लागले.

१ जानेवारी

घड्याळजी दार उघडताच हजर. तीनदा ऐकलं. मग नोंद वाचली. 'अज्ञात'वर थांबले नाहीत, तारखेवर थांबले. बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. मी खुर्चीची कड धरून बसले होते.

"म्हणजे मी चार वर्षांचा असताना ती होती!" चेहरा असा, की कुणी दोन वर्षं आणून हातात ठेवलीत.

जाताना दारातून परत आले. हळू आवाजात म्हणाले, "ताईला यातलं काही बोलू नका हं. तिला बिचारीला वाटतं, आई तेव्हाच वारली."