हायड्रोजन नसलेल्या जागेच्या सुरक्षेसाठी माझी वीज तोडण्याबाबत

प्रति,
सुरक्षा अधिकारी (नोटिशीवर सही आहे, नाव नाही),
नियोजित हायड्रोजन पंप विभाग,
बेंगळूर

विषय: पीण्या औद्योगिक क्षेत्रातील माझ्या चार्जिंग शेडची वीज सोमवारी तोडू नये याबाबत.
संदर्भ: शेडच्या शटरला चिकटवलेली आपली नोटीस.

महोदय,

नोटिशीत तुम्ही खोटं लिहिलं आहे, आणि ते खोटं आहे हे माहीत असून खाली सही केली आहे. कन्नडमध्ये रीतसर अर्ज दिला होता, त्याला उत्तर नाही. आता मला राग ज्या भाषेत येतो तीत लिहितो. तुमच्या ऑफिसातले हणमंतराव घरी मराठीच बोलतात, ते वाचून दाखवतील. त्यांनी मधलं काही गाळू नये, कारण त्यांचाही उल्लेख पुढे आहे.

पीण्या औद्योगिक क्षेत्रात माझी शेड आहे. आसपासच्या बॅटरीवरच्या मालवाहू रिक्षा इथे चार्जिंगला लागतात. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर तुमचा हायड्रोजन पंप होणार असा बोर्ड आहे. बोर्ड आणि कुंपण, एवढाच पंप. टाकी नाही, पाइप नाही, पाया खणलेला नाही.

खंडेनवमीच्या आयुधपूजेला तुम्ही तिथे हायड्रोजन कारची पूजा ठेवलीत. कार ट्रकवर चढवून आणली होती. साहेब लोक आले ते बॅटरीच्या गाड्यांतून, आणि त्यातली एक माझ्याच शेडमध्ये चार्जिंगला लावून भाषणाला गेले. फोटो चांगला यावा म्हणून कारला हार घालून हेडलाइट चालू ठेवले. भाषणं लांबली. कोहळा फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि कार काही केल्या सुरू होईना. हायड्रोजनच्या कारलाही सुरू व्हायला आत एक साधी बॅटरी लागते, ती बसली होती. लिंबं चिरडल्याशिवाय पूजा पुरी होत नाही. पुरोहित वादिराज आचार कापराचं ताट घेऊन ताटकळले. तेव्हा हणमंतराव धावत माझ्याकडे आले. "प्रतापराव, एक बॅटरी द्या हो. मुहूर्त टळतोय, साहेबांसमोर आमची अब्रू जाते." मी बॅटरी उचलून नेली, वायरी जोडल्या, कार लिंबांवरून गेली. टाळ्या वाजल्या. मला कोणी चहासुद्धा विचारला नाही.

त्याच क्षणाचा फोटो जोडून ही नोटीस आली: "सदर इसमाने हायड्रोजन सुरक्षा हद्दीत ठिणगी निर्माण करणारे साधन आणले, सबब शेडचा वीजपुरवठा खंडित करण्यात येत आहे." फोटो नीट बघा. माझ्या खांद्याशी ताटात कापूर जळतो आहे. कापराची ज्योत तुमच्या हद्दीत चालते, माझी बॅटरी चालत नाही. मागितली होती कोणी?

वीज वापरून हायड्रोजन करायचा, दाबून टाकीत भरायचा, लॉरीने आणायचा आणि गाडीत त्याची परत वीज करायची. लांब पल्ल्याच्या लॉऱ्यांना ते सोयीचं असेल, तिथे खुशाल करा. मी तीच वीज वायरीने सरळ रिक्षात भरतो, तर तुमच्या पोटात का दुखतं?

संयोगिता अक्का अशाच एका रिक्षातून लेथवरचे पार्ट पीण्यातून शिवाजीनगरच्या दुकानांत पोचवते. तिचं घर वरच्या मजल्यावर, भाड्याचं. मालक वायर खाली सोडू देत नाही. काल म्हणाली, "अण्णा, सोमवारनंतर काय मी गाडी ढकलत नेऊ? त्यांना म्हणावं, हायड्रोजन येईपर्यंत स्वल्प थांबा की." मी म्हटलं, त्यांना दुसऱ्यांना थांबवायची सवय आहे, स्वतः थांबायची नाही. "सरी, बरं मग, तसंच लिहा," म्हणाली. लिहिलं.

सोमवारी वायर कापायला माणूस पाठवण्याआधी एकाच गोष्टीचं लेखी उत्तर द्या, या खेपेला नावानिशी. आज त्या प्लॉटवर हायड्रोजन आहे का? आहे म्हणत असाल तर मी स्वतः मेन स्विच खाली करतो, आणि तुमचं पत्र कुंपणाला लागून असलेल्या प्रत्येक वेल्डिंगवाल्याला वाचून दाखवतो. त्यांच्या ठिणग्या दिवसभर तुमच्या बोर्डावर उडतात, त्यांना नोटीस का नाही तेही ते विचारतील. नसेल, तर माझी नोटीस मागे घ्या. प्रकरण विचाराधीन आहे असं कळवू नका.

आहे, की नाही?

नम्रपणा संपलेला,
प्रतापराव मोहिते
पीण्या, बेंगळूर
२४ ऑक्टोबर २०२५

सोबत: नोटिशीची प्रत, तुमचाच फोटो, मोठा करून.