गॅलरीवाली पेटी

३ मार्च

चि. खारूताईस,

आशीर्वाद आधीच घे, पुढे शिव्या आहेत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते.

तुझी टोपीवाली मंडळी माझ्या खोलीच्या भिंतीवर पाखरांसाठी पेटी ठोकून गेली. एकाने खिळा ठोकला, बाकीच्यांनी फोटो काढले. भोकाखाली एक दांडी. ही कशाला विचारलं, तर तो चष्मेवाला म्हणाला की पाखरांना बसायला गॅलरी. आता त्या गॅलरीत दिवसभर कावळा बसतो. काळी-पांढरी दोन पाखरं येतात, त्याला बघून परत जातात.

बापाने झाडं तोडून गाडीला छप्पर केलं, लेक खोकी टांगते. घर आहे की तमाशा!

उकाड्याने माझा जीव जातोय. तुझा बाप एसी आणतोय, आणि मशीन बसेल अशी भिंत तीच एक. महिनाअखेर तुझं खोकं उतरेल. मी काही रडायची नाही.

आजी

१० मार्च

ती. आजीस शि. सा. न.

शिव्या पोचल्या, दोन नव्या होत्या. दांडीची चूक आमचीच. ढोलीत राहणाऱ्या पाखरांना ती लागतच नाही. कापून टाकशील? ती पाखरं म्हणजे दयाळ. जुनी झाडं गेली, ढोल्या गेल्या, म्हणून तर या पेट्या. बाकीच्या सगळ्या रिकाम्या आहेत. मंडळी पांगली, चष्मेवाला सायकलींच्या मागे लागलाय.

बाबा म्हणतात, पाखरू राहायला आलं तर पेटी राहील, नाहीतर एसी. आणि आलं की नाही ते तू सांगायचं. तुझे हाल मला कळतात गं. फक्त खोटं सांगू नकोस.

रागव, पण माया आटवू नकोस.

तुझी खारूताई

२९ मार्च

चि. खारूताईस आशीर्वाद. चष्मेवाल्याला यातला वाटा देऊ नकोस.

दांडी पाव कापायच्या सुरीने कापली. सुरी गेली, नवी आण. कावळा दोन दिवस फडफडला आणि निघून गेला. मग तुझे दयाळ आले. बाई महामूर्ख. काडी आडवी धरून भोकात घुसायला बघते, पाडते, पुन्हा तीच उचलते. नवरा तारेवर बसून गातो. पाखरांतही नवऱ्यांचं तेच! उजाडायच्या आत गळा काढतो मेला.

काल एसीवाला मशीन घेऊन आला. मागे तुझा बाप, विचारतो की आत आहे का काही. घामाने माझी पाठ चिंब. पेटी चिडीचूप, आत नुसती अंडी, त्यांना कुठला आवाज? नाही म्हटलं असतं तर कोणाला कळलं नसतं, आणि रात्री गार झोपले असते.

एसीवाल्याला सांगितलं की भिंत भाड्याने गेली. तुझा बाप म्हणाला, उकाड्याचं काय? म्हटलं, तोडलेली झाडं परत आण, तोवर ओला टॉवेल आहे.

येशील तर एकटी ये. टोप्या दिसल्या तर कावळ्याला परत बोलावीन.

आजी