मागच्या दारावरची स्टेपनी

बाई,

तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. आज सकाळी नातवानं अकोल्याहून एक जुनी जीप आणून अमरावतीत राजापेठेतल्या आमच्या घरासमोर उभी केली आणि मोठ्या कौतुकानं मागचं दार उघडून दाखवलं. दारावर स्टेपनी. मी म्हटलं, "हे इथून काढ." तो म्हणाला, "आबा, कंपनीनंच तिथं लावली हाय ते." मी म्हटलं, "कंपनीले काय माहीत तुले रस्त्यात कोण भेटन ते." तो हसला आणि चहा प्यायला आत गेला. मी मात्र त्या दाराची वरची बिजागरी बोटानं दाबत बराच वेळ उन्हात उभा होतो. मग आत येऊन ही वही उघडली. तुमच्याशी आता बोलायचं तर लिहूनच बोलावं लागणार, आणि लिहायला तुम्हीच शिकवलं.

आपली दवाखान्याची मोटार म्हणजे एका लॉरीच्या सांगाड्यावर बसवलेलं लाकडी घर होतं. आत दोन खाटा, औषधांचं कपाट, हात धुवायची पितळी टाकी आणि उजेडासाठी छताला काच. एकदा निघालो की आठ-आठ दिवस गावोगाव मुक्काम. पुढे डाव्या हाताला तुम्ही, आमच्या डॉक्टरीण, उजव्या हाताला स्टिअरिंगवर मी आणि मागे औषधांच्या बाटल्या सांभाळत आपल्या नर्सबाई. बायका तिला घरमोटार म्हणत. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, आणि साध्या खिळ्याच्या मंजुरीसाठीसुद्धा दवाखाना चालवणाऱ्या संस्थेचे कागद नागपूरला जात. ज्या सुतारानं ते घर बांधलं त्यानं स्टेपनी मागच्या दारावर ठोकली होती, कारण तिथे जागा मोकळी दिसत होती. मीही पाच वर्षं ती तिथेच पाहिली. चाक कुठे असावं असा विचार करायचा असतो, हेच मला माहीत नव्हतं.

तुम्ही पुण्याच्या. मला पहिल्याच दिवशी "अहो, तुम्ही" म्हणालात, तेव्हा मी मागे वळून पाहिलं, की कोणाशी बोलून राहिल्या. वडिलांनाही माझ्या कोणी अहो म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. बाटल्यांवरची नावं ड्रायव्हरला वाचता आली पाहिजेत म्हणून तुम्ही मला अक्षरं शिकवलीत, आणि मग रोज संध्याकाळी मोटार कुठे गेली, काय बिघडलं, हे वहीत लिहायची सवय लावलीत. मी लिहायचो, "आज काही बिघाड नाही." वाक्य सोपं होतं. हात बसला होता त्याच्यावर.

तो दिवस मार्गशीर्षातला. अंजनगावच्या पुढे, पानमळ्यांच्या बाजूला, एका घरची सून दोन दिवसांपासून अडली होती. सकाळी तिचा दीर सायकलवर आला आणि आपण तसेच निघालो. पावसाळ्यात बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या आता दगडासारख्या वाळल्या होत्या. मोटार त्यांच्यावरून उड्या मारत जाते आहे, मागे बाटल्या वाजत आहेत, आणि त्या आवाजात आणखी एक आवाज आहे. तो मला ऐकू येतो आहे. तुम्ही पोरीचं वय विचारता आहात, दीर तुमच्या दाराशी पायफळीवर उभा राहून ओरडून सांगतो आहे, आणि मी समोर पाहून चालवतो आहे.

मळ्याच्या काठाला घर. पोरीला बाजेवर घालून अंगणात आणली. तुम्ही हात लावून तपासलंत आणि एवढंच म्हणालात, "आत घ्या. इथे जमणार नाही, खाट आणि उजेड हवा." मी मागे धावलो, कडी काढली, ओढलं. दार हललं नाही. वरची बिजागरी तुटून दार स्टेपनीच्या वजनानं खाली बसलं होतं, उंबऱ्यात रुतलं होतं. आतून नर्सबाई ढकलत होत्या, बाहेरून मी आणि दीर ओढत होतो. स्टेपनी काढावी म्हटलं तर तिच्या नटांवर चिखल वाळून त्याचं सिमेंट झालेलं. पाना घसरत होता. सासू पदर पसरून सुनेच्या तोंडावर सावली धरून उभी होती आणि पुन्हापुन्हा म्हणत होती, "काहून उघडून नाई राह्यलं जी? काहून उघडून नाई राह्यलं?" शेवटी दिरानं पहार आणली, मी दार फोडलं, आणि फळ्या तुडवत आपण तिला आत नेलं. पंधरा मिनिटं गेली असतील. वीसही असतील. पोरगी वाचली. मूल मेलेलं निघालं.

तुम्ही हात धुवून बाहेर आलात तेव्हा मी फुटलेल्या दाराजवळ बसलो होतो. मी विचारलं, "बाई, दार लवकर उघडलं असतं तं?" तुम्ही म्हणालात, "ते मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही." बरं वाटावं म्हणून दुसरं काही बोलला असतात तर मी कदाचित गप्प बसलो असतो. पण तुम्ही खरं बोललात, म्हणून मलाही बोलावं लागलं. मी म्हटलं, "बिजागरी चार दिवसांपासून वाजून राहिली होती. अकोटलेच मले आवाज आला होता. मंग पाहू म्हणलं."

तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा आणि शेवटचं 'तू' म्हणालात. आवाज चढवला नाहीत. "तुला ऐकू आलं होतं, आणि तू वहीत लिहिलंस, काही बिघाड नाही." एवढंच. पुढे पन्नास माणसांनी मला शिव्या दिल्या असतील, मालकांनी, पोलिसांनी, सोयऱ्यांनी. त्यातली एकही लक्षात नाही.

परत येताना आपण अकोटला थांबलो. मी तुम्हाला सांगितलं की हे चाक मी दारावर परत चढवणार नाही, नोकरी गेली तरी. तुम्ही म्हणालात, "मग कुठे ठेवणार ते सांगा." बाजारामागच्या लोहाराकडे मोटार लावली. दाराच्या नव्या फळ्या आणि बिजागऱ्या त्यानं दुपारपर्यंत बसवल्या, पण चाकापाशी अडलं. आधी मी ते टपावर बांधलं. तुम्ही नर्सबाईंना म्हणालात, "काढा." त्यांचा हात पोचेना. "रस्त्यात ड्रायव्हर तापानं पडला तर चाक आपल्यालाच बदलायचं आहे," तुम्ही म्हणालात. टप बाद झाला. मग मागे सांगाड्याखाली टांगलं आणि गावाबाहेरच्या गाडीवाटेवर नेऊन पाहिलं. दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा त्याला घासायचा, शंभर पावलांत पट्टा वाकला. बाजूला लावावं तर फळ्या पातळ, दाराचंच दुखणं तिथे नेल्यासारखं. लोहार म्हणाला, "लोखंडाले लोखंडच धरन बाई. लाकूड नाई धरत." आणि पक्कं लोखंड होतं ते फक्त पुढे, पायफळीपाशी, जिथून आपण चढत होतो. एका बाजूला तुमचं दार, एका बाजूला माझं.

मी म्हटलं, "माया बाजूनं लावू."

"तुमचं दार उघडणार नाही मग."

"नाई उघडलं तं नाई उघडलं. मी तुमच्या बाजूनं चढत जाईन."

"तिथे मी बसते."

"मंग तुमी माया मागून चढा."

लोहाराचा भाता थांबला. डॉक्टरीण बाईला ड्रायव्हरनं असं तोंडावर सांगितलेलं त्यानं ऐकलं नसावं. मलाही बोलल्यावर कळलं की काय बोललो. तुम्ही थोडा वेळ त्या दोन दारांकडे पाहिलंत. मग पिशवीतून टेप काढलीत, तीच, जिनं बायकांची पोटं मोजायचात, आणि पायफळीपासून नर्सबाईंच्या कमरेपर्यंतची उंची मोजलीत. "याच्या वर नको," म्हणालात. "यांना उचलावं लागू नये, नुसतं उतरवता यावं."

दोन दिवस लागले. पट्ट्या तीनदा तापवल्या, तीनदा वाकवल्या. तुम्ही हटला नाहीत. मोटारीच्या मागच्या उंबऱ्यावर बसून तिथेच अकोटच्या बायका तपासत होतात, आणि मधूनच येऊन पट्टी हातानं हलवून पाहत होतात. हलली की म्हणायचात, "पुन्हा." नागपूरला तुम्ही पत्र लिहिलंत ते परवानगीचं नव्हतं, काम झाल्याचं कळवणारं होतं. आणि मोटार तयार झाल्यावर लुगड्याचा काचा मारून तुम्ही स्वतः चाक काढलंत, लावलंत, परत काढलंत. मग नर्सबाईंकडून काढून घेतलंत. जिनिंगकडे कापूस नेणाऱ्या गाड्या ते पाहायला थांबल्या होत्या. एक गाडीवान मला म्हणाला, "तू काय करून राह्यला मंग?" मी म्हटलं, "शिकून राह्यलो."

त्यानंतरची वर्षं माझं दार बंदच राहिलं. आधी मी चढायचो, सीटवरून सरकत पलीकडे जायचो, तोवर तुम्ही उन्हात हातात पेटी घेऊन उभ्या. गावोगाव लोक हसायचे, की यांचा ड्रायव्हर आधी बसतो आणि डॉक्टरीण मागून. दर्यापूरला एका पाटलानं मला दटावलंसुद्धा, "बाईमाणूस उभं ठेवतं का रे?" तुम्ही त्याला म्हणालात, "त्यांनी आधी बसावं अशीच व्यवस्था आहे." तो काही समजला नाही. आपण निघालो. मागचं दार मात्र त्यानंतर एका बोटानं उघडायचं. बाजेसकट बाई आत जायची. मी रोज सकाळी ते उघडून, लावून पाहायचो आणि वहीत जे ऐकू आलं ते लिहायचो, कुरकुर असली तरी, नुसता संशय असला तरी. तुम्ही संध्याकाळी वाचायचात आणि खाली सही करायचात.

पानमळ्यातली तीच सून दोन वर्षांनी पुन्हा आली. या वेळी सासूनं वाट पाहिली नाही, कळा सुरू होताच बैलगाडीत घालून सडकेवर आणून बसली आपली मोटार येईपर्यंत. मी दार उघडलं. सासूनं माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि सुनेचा हात धरून आत चढली. अमरावतीला पोचायच्या आतच मुलगी झाली. तुम्ही मागून काच वाजवून गाडी थांबवायला लावलीत. मी सडकेच्या कडेला लिंबाखाली उभा राहिलो आणि आतून रडणं ऐकलं. तेवढं खणखणीत रडणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं, की लक्ष देऊन ऐकलं नव्हतं, कोण जाणे.

पुढच्याच वर्षी तुम्हाला विषमज्वर झाला. एकवीस दिवस. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात असायचो, तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल. गेलात त्या दिवशी पुण्याहून तुमचे भाऊ यायचे होते, पण ते पोचायच्या आत सगळं उरकावं लागलं. आपल्या मोटारीतूनच नेलं तुम्हाला. नर्सबाई मागे बसल्या होत्या, पुढे माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं, असं नातसून मघाशी विचारत होती. मी म्हटलं, कुठे नाही, वहीतच राहू दे. नातवाला उद्या लोहाराकडे नेणार आहे. तो नाही म्हणेल, मी ऐकणार नाही.

एक गोष्ट राहिली. तुमच्यामागे मी वर्षभर गाडीला हात लावला नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. मुलांना, नातवंडांना, तुमच्या तसबिरीला हार घालताना संस्थेच्या लोकांनाही. ते खोटं आहे. पंधराव्या दिवशी नव्या डॉक्टरीण बाई आल्या आणि आम्ही अकोटला निघालो. ऊन कोवळं होतं, रस्ता नुकताच दुरुस्त केलेला, मोटार सुरेख चालत होती. बरंच पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही छान गाता." तेव्हा माझ्या ध्यानात आलं, बाई, की मी गात होतो.