नको ते काढून टाक

४ मे
पुन्हा फिरला! दुपारी सव्वातीनला, बंद कपाटात. घर्रर्र — आणि गप्प.

मृणालीचा लॅपटॉप. आठ महिने कोणी हात लावलेला नाही, तरी मधूनच आतला पंखा फिरतो. शेजारची दिपमाला ताक द्यायला आली होती, तिनंही ऐकलं. "अक्का, ह्याचं काहीतरी करून घ्या हो." काय करून घ्या? आपोआप अपडेट होतं ते, मी म्हणाले. पटलं नाही तिला. तांब्या तसाच ठेवून गेली.

चार्जर मीच लावून ठेवलाय. सप्टेंबरात माझी लेक गेली, धुळ्याच्या खोलीतून तिचं सामान आणलं, तेव्हापासून. बंद पडू द्यायचा नाही, एवढंच ठरवलं. माणूस गेल्यावर लोक दहा दिवस दिवा तेवत ठेवतात, त्याला मी जन्मभर हसले. आणि आता सकाळी उठल्यावर आधी कपाटाच्या फटीतून चार्जिंगच्या दिव्याचा तो पांढरा ठिपका बघते.

उघडलेला मात्र नाही. चौतीस वर्षं टपालखात्यात काढली, शेवटची नऊ बोदवडला पोस्टमास्तर. दुसऱ्याचं पाकीट उघडायचं नाही. मालक मयत असेल तर तसा शेरा मारायचा आणि धाडणाऱ्याकडे परत. हे कुठे परत धाडू?

६ मे
४५ अंश. पंख्याखालीसुद्धा भाजतंय.

७ मे
झाकण उघडं होतं. बोटभर. मी स्वतः मिटून ठेवलं होतं — खात्री आहे.

दाबलं. हात काढल्यावर हळूहळू पुन्हा वर आलं.

८ मे
आज दोन बोटं. ठिपका विझलाय. पंखाही नाही.

कोणाला सांगणार नाही म्हणून इथे लिहिते. मी कपाटासमोर उभी राहून "काय पाहिजे तुला?" असं विचारलं. मोठ्यानं!

१० मे
कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेला. काउंटरवरच्या मुलीनं नुसता बघूनच हात मागे घेतला. "मॅडम, बॅटरी फुगलीय. किती दिवस चार्जिंगला होता?" आठ महिने. "चोवीस तास? जळगावच्या उन्हात? मॅडम, तुम्ही कपाटात बॉम्ब ठेवला होता!"

म्हणजे ते झाकण बॅटरीनं उचललं होतं. बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

बॅटरी डिंकानं चिकटवलेली. बोर्डही गेलाय. अख्खा बोर्ड बदलावा लागेल.

"आतलं सगळं?"

"ते जाईल. स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं. वेगळं निघत नाही."

"मग जुना बोर्ड मला परत द्या."

"तो कंपनी ठेवून घेते, मॅडम." आणि फॉर्म पुढे सरकवला — डेटा गेल्यास जबाबदारी ग्राहकाची.

पेनाचं टोपण काढलं होतं. पुन्हा लावलं. लॅपटॉप पिशवीत घातला आणि घरी आले. रिक्षात पिशवी मांडीवर घेतली नाही, पायाशी ठेवली. आता त्याची भीती वाटते.

११ मे
पाच वर्षांपूर्वी हा घेताना दुकानात मीच सोबत होते. तिला जास्त जागेचा हवा होता. मी म्हणाले, लहान घे, कमी पडली तर नंतर वाढवू. दुकानदार म्हणाला, ह्यात वाढवता येत नाही. मी हसले त्याला! वाढवता येत नाही अशी वस्तू असते का? ब्लाऊजला आत चार शिलाया सोडतो आपण. आमच्या गल्लीत गच्चीवर सळया काढून ठेवलेल्या नाहीत असं एकही घर नाही — पुढच्या मजल्यासाठी. वीस वर्षं गंजतात, पण सोय असते. मी तोच हिशेब यंत्राला लावला.

मग साक्रीकडच्या गावागावांत म्हाताऱ्यांच्या गोष्टी आवाजात उतरवायला लागली, अहिराणीच्या अभ्यासासाठी. मशीन भरलं. बाहेरची डिस्क घेतली, तीही भरली. गेल्या जुलैत फोन — "आई, जागाच उरली नाही."

"मग नको ते काढून टाक," म्हणाले. आणि ठेवला. कुकर लागला होता.

सहा आठवड्यांनी ताप. सहा दिवसांत संपलं. बाहेरची डिस्क सामानात मिळालीच नाही. दवाखान्याच्या गर्दीत तिचा फोनही कोणीतरी नेला.

माझ्या फोनमध्ये तिचा आवाज नाही. एकही शब्द नाही. बोलून पाठवत जाऊ नको, काम असेल तर सरळ फोन कर — हा माझा नियम.

तो आवाज, असलाच तर, त्या बोर्डावर आहे.

१२ मे
बुद्धपौर्णिमा. विहारात गेले. पंचशील म्हटलं. चौथं मला कधी जड गेलं नाही — खोटं मी बोलतच नाही. "तुझं खरंच जरा जास्त होतं, आई," मृणाली म्हणायची.

१५ मे
धुळे. हितेंद्र नावाचे गृहस्थ, पन्नाशीचे, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. आता हेच. दुकान एवढंसं, भिंगाखाली दिवा.

"काकू, रेडिओला चार स्क्रू असायचे. हा उघडायचा म्हणून बनवलेलाच नाही. ह्याचं पोस्टमार्टेमच —" आणि जीभ चावली. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडावरून कळलं असावं.

"वाचेल असं सांगत नाही, प्रयत्न करतो. पण एकदा, एकदाच चालू झाला, तर तेवढ्यात सगळं काढून घेऊ."

"प्रयत्न नका म्हणू," मी म्हणाले. "तारीख सांगा."

"तुम्ही सरकारी नोकरीत होत्या ना, काकू?"

२३ मे
हितेंद्रांचा फोन — "काकू, जित्ता झाला! पण पासवर्ड मागतोय."

पासवर्ड मला पाठ आहे. दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी माझा हयातीचा दाखला ती त्यावरच करायची. मशीनवर अंगठा ठेवायचा, मग ती मान डोलवायची — "हं. आहेस तू जिवंत. सरकारला कळवलं." दरवर्षी तोच विनोद. शेवटची दोन वर्षं घरी आली तीही फक्त त्याच दिवशी.

कारण मी. लागलेली पोस्टातली पक्की नोकरी सोडून दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारत हिंडायला निघाली! बोलून झालं सगळं. मग वर्षभर मी तिचा फोन उचलला नाही. तरी नोव्हेंबरात आली. अंगठा घेतला, चहा प्याली, गेली.

गेल्या नोव्हेंबरात बँकेच्या रांगेत उभी राहून दाखला दिला.

२४ मे
चारशे बारा ध्वनिमुद्रणं! हितेंद्रांनी सगळी वेगळ्या डिस्कवर उतरवून दिली. आधी तिथेच एक लावलं. मी खुर्चीत ताठ बसले होते. कोणी म्हातारी बोलत होती — "हां माय, सांगस ना." मग पुढचं बोलणं. मग एकदम, "नही नही, तशी नही." कोणाला नाही? पुढचं लावलं. तेच. नुसती उत्तरं.

हितेंद्र पडद्यावर वाकले. "प्रश्न कापलेत, काकू. जागा वाचवायला. विचारणाऱ्याचा आवाज तेवढा काढून टाकलाय सगळीकडून. त्या जागी कोरी शांतता, तिला फारशी जागा लागत नाही."

"कधी?"

त्यांनी तारखा बघितल्या. "गेल्या जुलैपासून."

नको ते काढून टाक. तिनं काढून टाकलं.

२९ मे
एकशे सदतीस ऐकून झाली. रोज सकाळी सात ते अकरा, खिडक्या लावून. बायका तिच्याशी बोलतात. "तू जेवनी का?" "बठ, उन्ह लागी." "हासू नको वं!" — म्हणजे हसली असेल. हसण्याच्या जागी काही नाही. चिमटीएवढी शांतता, आणि पुढचं वाक्य.

मी त्या शांततेकडे कान लावून बसते. घरात कोणीतरी आहे आणि माझ्यापासून लपतंय, असं वाटतं.

१ जून
क्रमांक २०३ मध्ये एक खोकला. तिचा असावा. अकरा वेळा ऐकला. दिपमालानं बेल वाजवली, दार उघडलं नाही.

३ जून
क्रमांक २८८. साक्रीच्या पुढच्या पाड्यावरच्या सुगंधाबाई. तारीख बघितली — मी फोन उचलत नव्हते त्या वर्षातली. मोहाची फुलं कशी वाळवायची ते सांगतायत. मधेच थांबून, "तुनी माय कशी शे, पोरी?"

शांतता.

"अरे अरे... कवयनी गोट?" कधीची गोष्ट, म्हणून विचारतायत.

शांतता. ही जरा लांब. मग अगदी हळू, "जाऊ दे. आते आम्हीन शेतस ना."

आता आम्ही आहोत ना, म्हणे. आणि पुन्हा मोहाची फुलं.

४ जून
काय सांगितलं तिनं? आई कडक आहे? आई बोलत नाही? खरं तेच सांगितलं असेल. पण ऐकून त्या बाईचा आवाज बदलला तो का? बावीसदा लावलं. चार सेकंद आहेत मधे. त्या चार सेकंदांत मी आहे.

पाकीट उघडलं. आता वाचल्याशिवाय मिटता येत नाही.

८ जून
उद्या धुळे, तिथे मुक्काम. परवा सकाळच्या गाडीनं साक्री. सरळ विचारणार — तुम्ही माझ्या मुलीला आईबद्दल विचारलंत, ती काय म्हणाली? मी मृणालीची आई. मृणाली गेली. तीन वाक्यं. पाठ करून ठेवलीत.

१० जून
सुगंधाबाई अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. मृणालीचं नाव घेताच उठल्या. "पोर का बरं नही उनी?" मग मला निरखून — "तुम्हीन कोन शेतस तिन्या? तोंड तेच शे. पन तिले ते माय नही."

"कोणी सांगितलं?"

"तिनीच! ल्हान व्हती तवयच माय मरी गयी म्हने. भलती याद येस म्हने मायनी. आठेच बठीसन रडनी."

माझी तिन्ही वाक्यं तयार होती.

"मी मावशी," म्हणाले. "तिची आई गेल्यापासून मीच सांभाळते तिला."