चावी बंद झाल्यावर

रविवार, ७ डिसेंबर

१. शुक्रवारी अण्णांच्या पिकअपमध्ये छोटा कॉम्प्युटर बसवला. त्याला समोर पाहणारा कॅमेरा आणि माइक.
२. वीज थेट बॅटरीवरून घेतली. मध्ये स्विच नाही.
३. काल गाडी उभीच होती. आज पहाटे बॅटरी उतरलेली.
४. मागे टोमॅटोचे क्रेट भरलेले. शेजाऱ्यांनी ढकलून गाडी चालू केली.
५. चूक माझी.

अण्णा चिडले नाहीत. "धक्का मारायचं बी शिकिवत्यात का गं कालेजात?" एवढंच.

कॅमेरा आईला हवा होता. तिचं म्हणणं, "अंधारात जात्यात. उद्या काय झालं तर खरं सांगाया कुनी नगं का?"

सोमवार, ८ डिसेंबर

स्विच कोणता? बहिरूभाऊंच्या गॅरेजवर गेले. गेल्या आठवड्यात पिकअपच्या ब्रेकचं काम त्यांनीच केलं.

"ताई, लई डोकं नका लावू. डॅशबोर्डला एक खटका ठोका. वर केला की चालू, खाली केला की बंद."

अण्णांना विचारलं. "आनखी एक बटन? मला इंडिकेटर बंद करायचं ध्यानात राहत न्हाई!"

"मग बटनाशेजारी मीच बसते," आई.

खटका रद्द. माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून असलेला स्विच नको. गाडीची चावी हाच स्विच.

बुधवार, १० डिसेंबर

पण चावीबरोबर वीज झटकन गेली तर चालू रेकॉर्डिंग खराब होतं. म्हणून दोन वायरी. लाल बॅटरीवरून फ्यूजमधून, कायम. पिवळी चावीकडून — ती फक्त खबर देते. चावी बंद झाली की टायमर दहा मिनिटं थांबतो, रेकॉर्डिंग नीट जतन होतं, मग लाल वायरची वीज तुटते.

फ्यूज बॅटरीच्या जवळ. जोड सगळे सोल्डर केले, वर प्लास्टिकची स्लीव्ह. तपासलं. चालतं.

अण्णांना एवढंच सांगितलं — चावी बंद, सगळं बंद.

शुक्रवार, १२ डिसेंबर

पहिल्या झटक्यात स्टार्ट!

मंगळवार, १६ डिसेंबर

ओढ्याच्या उतारावर अण्णांच्या गाडीने मोटारसायकलला मागून धडक दिली. निरगुडसरचे सोपानराव. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. ऑपरेशन झालं.

अण्णा सगळ्यांना सांगतात, "ब्रेकच लागला न्हाई."

गुरुवार, १८ डिसेंबर

गावाने ठरवून टाकलं — बहिरूने ब्रेकच्या कामात चुकारपणा केला. आज त्यांच्या गॅरेजसमोर एकही गाडी नव्हती. ते आतल्या स्टुलावर बसलेले.

"ताई, मी सवता चालवून बगितली व्हती. तुमी तरी सांगा."



घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं. उताराच्या माथ्यावर नोंद — चावी बंद. इंजिनचा आवाज थांबतो. नुसते टायर. अण्णा शीळ घालत आहेत. उतारावर गाडी बंद करून डिझेल वाचवायचं, हे इकडे सगळेच करतात. पण इंजिन बंद असलं की ब्रेकला जोर मिळत नाही. दोनदा दाबला की पेडल दगड.

मग शीळ थांबते. "अरं — अरं —"

पुढचं एकदाच ऐकलं.

शुक्रवार, १९ डिसेंबर

जेवताना अण्णांनी ताटावरची नजर न उचलता विचारलं, "चावी बंद केली की तुझा डबा बंद व्हतो ना?"

"हो."

दहा मिनिटांनी — हे म्हटलं नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. भाकरी वाढली.

शनिवार, २० डिसेंबर

अण्णा, हे पान फाडून तुमच्या सीटवर ठेवते आहे. चावी बंद झाल्यावरही कॉम्प्युटर दहा मिनिटं चालतो. मी काही पुसलेलं नाही, कुणाला ऐकवलेलंही नाही. बहिरूभाऊंकडे आणि सोपानरावांकडे तुम्ही स्वतः सांगायला जावं. मी बरोबर येईन. जाणार की नाही, ते सोमवारपर्यंत, २२ तारखेपर्यंत, मला सांगा.